विश्लेषण : ताडोबाच्या वाघिणी ओडिशात का नेल्या? उत्तर आहे शंभर वर्षांपूर्वीच्या गिनी पिगच्या पिंजऱ्यात

२०२४च्या अखेरीस ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पातल्या जमुना आणि झीनत या दोन वाघिणींना ओडिशातल्या सिमिलिपालच्या जंगलात नेण्यात आले. झीनतला नवे घर मानवले नाही. सिमिलिपाल सोडून ती झारखंडमार्गे थेट पश्चिम बंगालमध्ये पोहोचली. तीन राज्यांची वनपथके तिच्या मागावर होती. अखेर डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात बांकुडा जिल्ह्यात तिला बेशुद्ध करून पकडले आणि माघारी नेले.

एवढी यातायात कशासाठी? सिमिलिपालमध्ये वाघ नव्हते असे नाही. वाघ होते, बछडेही होत होते. अडचण वेगळी होती. तिथले वाघ इतर जंगलांपासून तुटलेले आहेत आणि पिढ्यान् पिढ्या आपसातच जोड्या जमत गेल्याने ते एकमेकांचे फार जवळचे नातेवाईक झाले आहेत. म्हणून बाहेरच्या वाघिणी हव्या होत्या. संख्या वाढवण्यासाठी नव्हे, तर नवी जनुके आणण्यासाठी.

जनावरांची संख्या आणि त्यांच्यातले जनुकीय वैविध्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि संख्या स्थिर दिसत असतानाही वैविध्य गळत राहू शकते, हे नेमक्या गणितात मांडणाऱ्यांमध्ये एक नाव अग्रभागी आहे. अमेरिकी शास्त्रज्ञ स्यूअल राइट. त्यांनी वाघांवर काम केले नाही, सिंहांवरही नाही. त्यांचे आयुष्य गेले गिनी पिग नावाच्या छोट्या जनावरांसोबत.

कोण होते स्यूअल राइट?

राइट यांचा जन्म २१ डिसेंबर १८८९ रोजी अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात मेलरोझ इथे झाला. ते लहान असतानाच कुटुंब इलिनॉय राज्यातल्या गेल्सबर्ग या गावी आले. वडील फिलिप तिथल्या लोम्बार्ड कॉलेजात प्राध्यापक होते. एकच माणूस गणित, खगोलशास्त्र, अर्थशास्त्र आणि इंग्रजी असे सगळे शिकवायचा. घरात छोटा छापखानाही होता. पुढे अमेरिकेचे नामवंत कवी झालेले कार्ल सँडबर्ग हे वडिलांचे विद्यार्थी. त्यांची सुरुवातीची पुस्तके याच छापखान्यात छापली गेली आणि खिळे जुळवायला राइट बंधू हाताशी असत.

स्यूअलने सातव्या वर्षी निसर्गातल्या नवलांवर स्वतःची एक चिमुकली पुस्तिका लिहिली होती. धाकटा भाऊ क्विन्सी पुढे आंतरराष्ट्रीय कायद्याचा मोठा अभ्यासक झाला, तर सर्वांत धाकटा थिओडोर विमान अभियंता झाला.

या घराची आणखी एक गोष्ट पुढे महत्त्वाची ठरते. स्यूअलचे आई-वडील एकमेकांचे चुलत-मावस नात्यातले सख्खे भावंड होते, म्हणजे त्यांचे लग्न नात्यातले होते. नात्यातल्या संबंधांतून झालेल्या संततीचे गणित ज्याने जगाला दिले, तो स्वतः त्याच गणितातला एक आकडा होता.

रेल्वेचा सर्व्हेअर शास्त्रज्ञ कसा झाला?

पदवीचे शिक्षण मध्येच थांबवून राइट यांनी साउथ डकोटात रेल्वेमार्गाच्या सर्वेक्षणाचे काम केले. तिथे फुप्फुसाच्या आवरणाच्या विकाराने गाठले आणि ते घरी परतले. १९११ मध्ये लोम्बार्डची पदवी घेतली, पाठोपाठ इलिनॉय विद्यापीठातून पदव्युत्तर पदवी.

तिथेच हार्वर्डचे जनुकशास्त्रज्ञ विल्यम कॅसल यांचे व्याख्यान झाले आणि राइट यांची दिशा ठरली. मेंडेलचे वाटाण्यावरचे काम विस्मृतीतून बाहेर येऊन जेमतेम बारा वर्षे झाली होती. जनुकशास्त्र हे तेव्हाचे सगळ्यात नवे क्षेत्र होते. राइट कॅसल यांच्याकडे हार्वर्डला गेले, गिनी पिगच्या केसांचा रंग कसा ठरतो यावर संशोधन केले आणि १९१५ मध्ये डॉक्टरेट मिळवली.

त्याच वर्षी ते वॉशिंग्टनला अमेरिकी कृषी खात्यात रुजू झाले. पुढची दहा वर्षे ते सरकारी नोकर होते.

सरकारला गिनी पिगमध्ये रस का होता?

प्रश्न गुराढोरांचा होता. चांगल्या वाणाची गाय किंवा डुक्कर टिकवायचे, तर पशुपालक जवळच्या नात्यातच जोड्या लावत. गुण पक्के होतात, हा अनुभव होता. पण त्यातून पुढची पैदास अशक्त निघते, हाही अनुभव होता. खरे काय आणि किती, हे गाईंवर तपासायला कित्येक दशके लागली असती. गिनी पिगची पिढी काही महिन्यांत पुढे सरकते. म्हणून कृषी खात्याने १९०६ मध्येच प्रयोग सुरू केला होता. गिनी पिगची अनेक कुळे वेगळी ठेवायची आणि प्रत्येक कुळात पिढ्यान् पिढ्या फक्त सख्ख्या भावा-बहिणीच्याच जोड्या लावायच्या.

राइट आले तेव्हा नोंदवह्यांचा ढीग साचला होता आणि त्यातून अर्थ काढणारा कोणी नव्हता. ते काम त्यांच्याकडे आले.

१९२२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पिढ्यांमागून पिढ्या जात होत्या तशी बहुतेक कुळांची तब्येत खालावत गेली होती. वेतातली पिल्ले कमी झाली, जन्मतःचे वजन घटले, दूध सुटेपर्यंत जगणाऱ्या पिल्लांचे प्रमाण घसरले, क्षयरोगाला तोंड देण्याची ताकदही कमी झाली. काही कुळे संपली.

पण राइट यांचे लक्ष दुसऱ्या एका गोष्टीने वेधले. सगळी कुळे सारखी बिघडली नव्हती. एका कुळात पिल्ले कमी, पण वजनदार. दुसऱ्यात पिल्ले पुष्कळ, पण लवकर मरणारी. एकात एक रंग पक्का झालेला, दुसऱ्यात दुसरा. कोणत्या कुळात काय टिकले आणि काय हरवले, यामागे नियोजन नव्हते. तो निव्वळ योगायोग होता.

आणि तिसरी गोष्ट. दोन वेगवेगळ्या खालावलेल्या कुळांचा संकर केला, की पुढच्याच पिढीत बरेचसे तेज परत येई. जे एका कुळाने गमावले होते, ते दुसऱ्याकडे शिल्लक होते.

ऱ्हास, योगायोग आणि बाहेरच्या रक्ताने होणारी भरपाई. आज वन्यजीव संवर्धनात जे काही चालते, त्याचा आराखडा या तीन निरीक्षणांत आहे. त्या गिनी पिगमधली दोन कुळे, क्रमांक २ आणि क्रमांक १३, नंतरही कित्येक दशके जगभरातल्या वैद्यकीय प्रयोगशाळांत वापरली गेली.

अंतःप्रजनन मोजायचे कसे?

त्याच वर्षी राइट यांनी एक मोजपट्टी दिली, अंतःप्रजनन गुणांक. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती आपल्याकडे असतात, एक आईकडून आणि एक वडिलांकडून. या दोन्ही प्रती मुळात एकाच पूर्वजाच्या एकाच प्रतीवरून आलेल्या असण्याची शक्यता किती, ते हा गुणांक सांगतो. वंशावळ हातात असली की आकडा काढता येतो.

सख्ख्या भावा-बहिणीच्या संततीत तो १/४, म्हणजे २५ टक्के येतो. सख्ख्या चुलत, मावस किंवा आते-मामे भावंडांच्या संततीत १/१६, म्हणजे सव्वासहा टक्के. महाराष्ट्रात मामाच्या मुलीशी लग्न करण्याची रीत अनेक समाजांत आहे, तिथेही हाच आकडा लागू होतो. खुद्द राइट यांचा आकडाही हाच.

मग ते स्वतः आणि त्यांचे दोन कर्तबगार भाऊ अशक्त का निघाले नाहीत? कारण एखाद्या वेळचा सव्वासहा टक्के म्हणजे धोका थोडा वाढणे, शिक्षा नव्हे. पुढच्या पिढीने बाहेर लग्न केले की हिशेब पुन्हा शून्यावर येतो. गिनी पिगच्या पिंजऱ्यात बाहेर जायला वाटच नव्हती. भावा-बहिणीच्या जोड्या लागोपाठ दहा पिढ्या लावल्या, तर गुणांक सुमारे ८९ टक्क्यांवर जातो.

म्हणजे प्रश्न एका लग्नाचा नाही, बंद दाराचा आहे. चारी बाजूंनी शेते, रस्ते आणि खाणींनी वेढलेले जंगल हाही एक पिंजराच असतो.

शिकागोतले गणित काय सांगते?

१९२१ मध्ये राइट यांचा विवाह जनुकशास्त्राच्याच अभ्यासक लुईस विल्यम्स यांच्याशी झाला. १९२६ मध्ये ते शिकागो विद्यापीठात प्राध्यापक झाले. गिनी पिगही सोबत गेले. वर्गात हातातल्या गिनी पिगनेच त्यांनी एकदा चुकून फळा पुसला, अशी एक दंतकथा जीवशास्त्राचे विद्यार्थी आजही एकमेकांना सांगतात.

१९३१ मध्ये त्यांचा सर्वांत गाजलेला प्रदीर्घ निबंध प्रसिद्ध झाला. पिंजऱ्यातली गोष्ट त्यांनी आता निसर्गातल्या कोणत्याही कळपाला लावली.

हे समजायला आडनावांचे उदाहरण घेऊ. एका छोट्या वाडीत दहा घरे आणि दहा आडनावे आहेत. एका घरात फक्त मुली झाल्या, दुसऱ्या घरातला एकुलता मुलगा अविवाहित राहिला. दोन आडनावे वाडीतून गेली. त्या आडनावांत काही खोट नव्हती, फक्त दान उलटे पडले. पाच-सात पिढ्यांनी वाडीत तीन-चारच आडनावे उरतील. लोकसंख्या मात्र तेवढीच असेल, कदाचित वाढलेलीही. हजार घरांच्या गावात हे इतक्या झटपट होत नाही, कारण एकेका आडनावाची अनेक घरे असतात.

जनुकांच्या आवृत्त्यांचेही तसेच. लहान कळपात कोणती आवृत्ती पुढे जाईल, हे बऱ्याच अंशी नशिबावर ठरते. याला जेनेटिक ड्रिफ्ट म्हणतात. एके काळी त्याला राइट यांच्याच नावाने ओळखले जाई.

राइट यांनी या घसरणीचा वेग काढला. कळपातल्या प्रजननक्षम जनावरांची संख्या दुप्पट करा आणि १ला त्या आकड्याने भागा. दर पिढीला तेवढा वाटा गळतो.

• १० जनावरे : दर पिढीला ५ टक्के. दहा पिढ्यांनी सुमारे ६० टक्के वैविध्य उरते.
• १०० जनावरे : दर पिढीला अर्धा टक्का. दहा पिढ्यांनी सुमारे ९५ टक्के उरते.
• १००० जनावरे : दहा पिढ्यांनीही ९९ टक्क्यांहून अधिक शाबूत.

या आकड्यामागे एक किस्सा आहे. ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी १९२२ मध्ये हाच वेग काढला होता, पण तो राइट यांच्या उत्तराच्या निम्मा होता. राइट यांचे हस्तलिखित पाहिल्यावर फिशर यांनी आपले गणित पुन्हा तपासले, चूक शोधली आणि १९३० मध्ये दुरुस्ती प्रसिद्ध केली.

शंभर जनावरे म्हणजे खरोखर शंभर का?

नाही. राइट यांची ही दुसरी मोठी देणगी, परिणामकारक संख्या.

समजा एका जंगलात १०० प्रौढ हरणे आहेत, पण नर फक्त १० आणि माद्या ९०. पुढच्या पिढीची निम्मी जनुके त्या १० नरांकडूनच येणार. राइट यांच्या सूत्रानुसार वैविध्य टिकवण्याच्या दृष्टीने हा कळप ३६ जनावरांइतकाच आहे. गणनेत १०० दिसतात, हिशेबात ३६ धरायचे.

काळाचाही असाच सापळा आहे. लागोपाठच्या चार पिढ्यांत संख्या १०००, १०००, १० आणि पुन्हा १००० अशी राहिली. साधी सरासरी येते साडेसातशेच्या वर. परिणामकारक संख्या येते अवघी ३९. मधली एक वाईट पिढी सगळा हिशेब खाली ओढते. बाटलीच्या अरुंद तोंडातून पलीकडे जे गेले तेवढेच उरते, मग बाटली पुन्हा कितीही रुंद होवो.

गिरचे सिंह याचे आपल्या देशातले ठळक उदाहरण. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आशियाई सिंह गिरच्या जंगलात काही डझनांवर आले होते. मे २०२५च्या गणनेत गुजरातमध्ये ८९१ सिंह नोंदवले गेले, २०२०मध्ये ते ६७४ होते. जुनागढच्या नवाबांनी दिलेल्या संरक्षणापासून आजच्या वनखात्यापर्यंत अनेकांचे हे यश आहे. पण हे सगळे त्या मोजक्या सिंहांचे वंशज आहेत आणि त्यांच्यातले वैविध्य फार कमी आहे. संख्या वाढली म्हणून हरवलेल्या आवृत्त्या परत येत नाहीत.

वैविध्य कमी झाले तर बिघडते काय?

रोज काहीच बिघडत नाही, म्हणूनच ते लक्षात येत नाही. बिघडते नवे संकट आल्यावर. एखादी साथ आली, तर वेगवेगळ्या जनुकांच्या कळपात काही जनावरे तरी तिला पुरून उरतात. सगळे सारखेच असतील, तर जो विषाणू एकाला मारतो तो सगळ्यांना मारू शकतो. २०१८ मध्ये गिरमध्ये सिंहांच्या मृत्यूंची मालिका घडली, त्यातल्या अनेकांत श्वानांच्या डिस्टेंपरचा विषाणू सापडला. सिंहांना दुसरे घर हवे, ही मागणी त्याआधीपासूनची आहे. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१३ मध्ये काही सिंह मध्य प्रदेशातल्या कुनोला हलवण्याचा आदेश दिला होता. सिंह अजून तिथे गेलेले नाहीत. कुनोत २०२२ मध्ये आले ते आफ्रिकेतले चित्ते.

चित्त्यांची कथा तर आणखी टोकाची. १९८०च्या दशकात शास्त्रज्ञांनी नात्यात नसलेल्या चित्त्यांच्या त्वचेचे तुकडे एकमेकांवर बसवले. एरवी शरीर परकी त्वचा झटकून टाकते. इथे शरीराने ती बराच काळ आपलीच मानली. दूरचे चित्तेही जनुकीयदृष्ट्या इतके सारखे निघाले.

फिशर आणि राइट यांच्यात वाद कशाचा होता?

राइट, फिशर आणि जे. बी. एस. हाल्डेन या तिघांनी मिळून समूहांच्या जनुकशास्त्राचा पाया घातला. यातल्या हाल्डेन यांचे भारताशी नाते आहे. ते १९५७ मध्ये कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत आले, पुढे भारतीय नागरिक झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरमध्ये त्यांचे निधन झाले.

राइट आणि फिशर यांच्यात मात्र पुढे कटुता आली. उत्क्रांतीत योगायोगाला किती महत्त्व द्यायचे, हा मुद्दा होता. फिशर यांच्या मते मोठ्या समूहात नैसर्गिक निवड हीच खरी शक्ती. राइट यांचे म्हणणे असे, की प्रजाती अनेक लहान, अर्धवट विलग गटांत विभागलेली असते आणि त्या गटांतल्या योगायोगांतूनही नवे मार्ग खुले होतात. १९४७ मध्ये फिशर आणि त्यांच्या सहकाऱ्याने एका पतंगाच्या वसाहतीतल्या बदलांवरून राइट यांच्यावर टीका केली आणि दोघांतला संवाद जवळपास संपला.

उत्क्रांतीबद्दलच्या राइट यांच्या या सिद्धांतावर आजही एकमत नाही. पण लहान, बंद समूहात वैविध्य किती वेगाने गळते, या गणिताला त्या वादाचा धक्का लागलेला नाही.

मग उपाय काय?

उपायही राइट यांच्याच समीकरणांतून निघतो आणि तो ऐकायला फारच साधा आहे. दोन गटांत दर पिढीला सरासरी एक पाहुणा जरी आला आणि त्याची संतती झाली, तरी ते गट जनुकीयदृष्ट्या फार दूर जात नाहीत. पुढच्या संशोधकांनी प्रत्यक्ष जंगलात हा आकडा एक ते दहा धरावा, अशी सावध दुरुस्ती सुचवली, कारण येणारा प्रत्येक पाहुणा बाप किंवा आई होतोच असे नाही.

या उपायाची एक मोठी परीक्षा झाली ती राइट ज्या राज्यात वाढले त्या इलिनॉयमध्ये. तिथल्या गवताळ मैदानांवर प्रेअरी चिकन नावाचे पक्षी एके काळी अमाप होते. मैदाने नांगरली गेली आणि पक्षी आटत गेले. आग्नेय इलिनॉयमध्ये १९६२ साली सुमारे २,००० असलेले पक्षी १९९४ पर्यंत ५०च्याही खाली आले. अधिवास राखूनही घसरण थांबेना, कारण अंडी नीट फळत नव्हती. संग्रहालयांत जपलेल्या जुन्या पक्ष्यांचे डीएनए तपासले, तेव्हा जनुकांच्या काही आवृत्त्या पूर्वी होत्या आणि आता नाहीत, हे दिसून आले. १९९२ पासून दुसऱ्या राज्यांतले पक्षी आणून सोडले गेले आणि अंडी पुन्हा चांगली फळू लागली.

फ्लोरिडातल्या पँथरांचेही असेच झाले. दोन-तीन डझन उरलेल्या या प्राण्यांत मुरडलेल्या शेपट्या, हृदयाचे दोष आणि नरांत प्रजननाचे दोष दिसत होते. १९९५ मध्ये टेक्सासमधून आठ माद्या आणल्या. पुढच्या काही वर्षांत दोष कमी झाले आणि संख्या कित्येक पटींनी वाढली.

पण एकदाच आलेला पाहुणा कायमचा पुरत नाही. सुपीरियर सरोवरातल्या आइल रॉयल बेटावर लांडगे गोठलेल्या पाण्यावरून चालत पोहोचले होते. १९९७ मध्ये असाच एक नवा नर आला आणि कळपाला उभारी मिळाली. मात्र काही पिढ्यांत जवळपास सगळेच लांडगे त्याचे वंशज झाले आणि बंद दाराचा प्रश्न पुन्हा उभा राहिला. हिवाळ्यात बर्फाचा पूल पूर्वीइतका होत नसल्याने नवे लांडगे येईनात. शेवटी दोनच उरले. २०१८-१९ मध्ये बाहेरून १९ लांडगे आणून सोडावे लागले.

महाराष्ट्राचा संबंध काय?

आता पुन्हा सिमिलिपालकडे. तिथले काही वाघ काळे दिसतात, कारण पट्टे पसरून एकमेकांत मिसळलेले असतात. बंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रातल्या संशोधकांनी २०२१ मध्ये यामागचा एका जनुकातला बदल शोधला. देशातल्या इतर जंगलांत जवळपास न दिसणारी ही आवृत्ती सिमिलिपालमध्ये मोठ्या प्रमाणात आहे. राइट यांच्या कुळांत वेगवेगळे रंग पक्के झाले होते, तोच प्रकार. काळा वाघ पर्यटकांना अपूर्वाई वाटतो, पण तो बंद दाराची खूण आहे. म्हणून ताडोबातून जमुना आणि झीनत गेल्या.

वाघिणी गाडीने नेणे हा महागडा आणि बेभरवशाचा उपाय. स्वस्त उपाय म्हणजे वाघाला स्वतः चालत जाता येणे. यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यात जन्मलेला एक तरुण वाघ २०१९-२० मध्ये तेलंगण आणि महाराष्ट्रातून सुमारे ३,००० किलोमीटर चालला आणि बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. लोकांनी त्याचे नाव वॉकर ठेवले. शेते, गावे, महामार्ग ओलांडत तो गेला, पण ज्ञानगंगात त्याला वाघीण मिळाली नाही. राइट यांच्या हिशेबात तो पाहुणा धरला जात नाही, कारण संतती झाली नाही.

वाघ चालतात, अडतात ते आपण घातलेल्या भिंतींपाशी. पेंचच्या जंगलातून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ४४ वर महाराष्ट्राच्या हद्दीत प्राण्यांसाठी नऊ मार्ग ठेवले आहेत. वरून वाहने जातात आणि खालून वाघ जाताना कॅमेऱ्यांत टिपले गेले आहेत. खर्चाच्या तक्त्यात हे पूल असतात. जनुकांच्या हिशेबात त्या उघड्या ठेवलेल्या खिडक्या आहेत.

राइट यांचे पुढे काय झाले?

१९५४ मध्ये शिकागोतून निवृत्त झाल्यावर ते विस्कॉन्सिन विद्यापीठात गेले आणि आणखी तीन दशके काम करत राहिले. समूहांच्या जनुकशास्त्रावरचा त्यांचा चार खंडांचा ग्रंथ १९६८ ते १९७८ या काळात आला. चौथा खंड निसर्गातल्या समूहांमधल्या वैविध्यावर आहे, तो प्रसिद्ध झाला तेव्हा ते ८८ वर्षांचे होते. अमेरिकेचे राष्ट्रीय विज्ञान पदक त्यांना १९६६ मध्ये मिळाले होते, १९८४ मध्ये बाल्झन पुरस्कार मिळाला.

जानेवारी १९८८ मध्ये, वयाच्या ९८व्या वर्षी, त्यांचा शेवटचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. त्यानंतर बर्फावरून घसरून ते पडले आणि त्यातून उद्भवलेल्या गुंतागुंतीमुळे ३ मार्च १९८८ रोजी मॅडिसन इथे त्यांचे निधन झाले. इलिनॉयच्या पक्ष्यांना दुसऱ्या राज्यांतून पाहुणे आणले गेले, ते त्यानंतर चार वर्षांनी.

वाचकांनी काय लक्षात ठेवावे?

वाघ, सिंह, माळढोक किंवा गवे, कोणत्याही गणनेची बातमी वाचताना एकूण आकड्यासोबत तीन प्रश्न विचारा. यातली किती जनावरे प्रत्यक्ष प्रजनन करतात? मागच्या शंभर वर्षांत ही संख्या सर्वांत कमी कधी आणि किती होती? आणि या जंगलातून शेजारच्या जंगलात चालत जायला वाट आहे का?

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे आपल्या हातात फारशी नाहीत. तिसऱ्याचे उत्तर मात्र रस्ता, कालवा किंवा खाण मंजूर होते त्या टेबलावर दरवेळी नव्याने ठरते.